वास्तववादी चित्रकार फुलांकडे वळतो तेव्हा: गुस्ताव कूर्बेचं सेंतोंजमधलं वास्तव्य (1862–63)

1861 च्या डिसेंबरात पॅरिसच्या एका वृत्तपत्रात गुस्ताव कूर्बेचं एक खुलं पत्र छापून आलं. त्याच्याकडे चित्रकला शिकायला आलेल्या तरुणांसाठी ते लिहिलेलं होतं. चित्रकला ही मुळातच मूर्त गोष्टींची कला आहे, जे डोळ्यांना दिसत नाही ते रंगवणं हे चित्रकाराचं कामच नव्हे, आणि सौंदर्य निसर्गातच असतं, चित्रकारानं त्यात पदरची भर घालू नये, असा त्या पत्राचा सारांश. वास्तववादाची इतकी रोखठोक मांडणी खुद्द कूर्बेनंही दुसरीकडे क्वचितच केली असेल. त्याच सुमारास त्यानं शिकवणीसाठी एक स्टुडिओ उघडला होता. तिथं नेहमीच्या नग्न मॉडेलच्या जागी त्यानं चक्क बैल आणून उभा केला. काही महिन्यांतच तो स्टुडिओ बंद पडला.

आणि 1862 च्या मे महिन्यात हाच माणूस फ्रान्सच्या पश्चिमेकडच्या सेंतोंज भागात, सेंत नावाच्या गावाजवळच्या एका बागायती वाड्यात राहायला गेला आणि फुलं रंगवू लागला. एखाददुसरं चित्र म्हणून नव्हे. पुढच्या वर्षापर्यंत त्याच्या हातून वीसेक पुष्पचित्रं झाली. फुलदाणीतले गुच्छ, फुलांच्या टोपल्या आणि ज्याबद्दल इथं मुख्यतः लिहायचं आहे ते ‘जाळीचा मांडव’ हे मोठं चित्र.

बैल ते गुलाब हा प्रवास कसा झाला, त्यामागं पैसा किती आणि कला किती, आणि या फुलांना ‘वास्तववादी’ म्हणावं की नाही, हे या प्रकरणातले प्रश्न.

फुलांचं चित्र काढणं म्हणजे तेव्हा काय होतं

फ्रान्सच्या सरकारमान्य कला अकादमीनं चित्रविषयांची उतरंड सतराव्या शतकातच लावून ठेवली होती. 1667 च्या अकादमीतल्या व्याख्यानांना आंद्रे फेलिबियाँनं जी प्रस्तावना लिहिली तिच्यात ती स्वच्छ दिसते. सगळ्यात वर इतिहास, पुराण आणि रूपक. त्याखाली व्यक्तिचित्र, मग जिवंत प्राणी, मग निसर्गदृश्य आणि पार तळाला फळं, फुलं, शिंपले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही उतरंड कागदावर कुरतडली गेली होती, तरी सलाँच्या, म्हणजे पॅरिसच्या अधिकृत चित्रप्रदर्शनाच्या, परीक्षकांच्या डोक्यात ती पक्की होती. फुलं रंगवणारे चित्रकार भरपूर होते. ल्यों शहरात तर रेशीम गिरण्यांना नक्षीकार लागत म्हणून कलाशाळेत फुलांचे वर्ग चालत, आणि त्याच परंपरेतून सिमों सें-जांसारखा नामांकित पुष्पचित्रकार पुढं आला. पण ही कारागिरी समजली जाई. सुबक, विकाऊ, दिवाणखान्यात शोभणारी.

आपल्याकडे एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसलेल्यांना हा भाव लगेच कळेल. वस्तुचित्राचा पेपर म्हणजे हाताची परीक्षा. मनात काय आहे ते स्मरणचित्रात दाखवायचं. फ्रान्समध्ये फुलांच्या चित्राकडे बघण्याची नजर साधारण तीच होती.

आता कूर्बे कोण होता ते आठवू. जन्म 1819, ओर्नाँ या छोट्या गावात, सधन शेतकऱ्याच्या घरी. ‘ओर्नाँमधील दफनविधी’ हे त्याचं चित्र 1850–51 च्या सलाँमध्ये लागलं तेव्हा गदारोळ झाला. विषय साधा होता, एका गावकऱ्याची अंत्ययात्रा. पण कॅनव्हास जवळजवळ साडेसहा मीटर रुंद आणि त्यावरची गावातली माणसं आयुष्यात असतात तेवढ्या आकाराची. तो आकार राजे, संत आणि वीर यांच्यासाठी राखीव असे. 1855 च्या जागतिक प्रदर्शनात त्याची सगळ्यात महत्त्वाची चित्रं नाकारली गेली, तेव्हा त्यानं शेजारीच स्वतःचा मंडप उभारला आणि त्यावर पाटी लावली, ‘वास्तववाद’. असा हा माणूस. खालच्या पायरीवरचा विषय उचलून वरच्या पायरीच्या मापात मांडायचा, ही त्याची जुनी खोड होती, आणि माझ्या मते ‘जाळीचा मांडव’ समजून घ्यायची किल्ली तीच आहे.

तो तिथं गेलाच कसा

कास्तान्यारी नावाचा तरुण समीक्षक मूळचा सेंतचा. वास्तववादाचा हा खंदा समर्थक. ते खुलं पत्र लिहिण्यातही त्याचा हात होता असं मानलं जातं. त्याच्यामार्फत कूर्बेची ओळख एतिएन बोद्रीशी झाली. बोद्री तेव्हा ऐन तिशीतला, वडिलोपार्जित पैसा असलेला, विचारानं लोकशाहीवादी, आणि वनस्पतींचा शौकीन. सेंतजवळ रोशमाँ इथं त्याचा वाडा, बाग, काचगृहं आणि पुस्तकांचा मोठा संग्रह. त्यानं कूर्बेला राहायला बोलावलं. थोड्या दिवसांसाठी आलेला पाहुणा पुढच्या वर्षापर्यंत त्या भागात रमला.

या प्रकरणात बोद्रीचा वाटा मला फार मोलाचा वाटतो, आणि कूर्बेच्या रगेल स्वभावाचे किस्से सांगण्याच्या नादात तो बाजूला पडतो. फुलांच्या चित्राला सगळ्यात आधी काय लागतं? फुलं. तीही आजची, उद्याची आणि परवाची. तोडलेलं फूल दोन-तीन दिवसांत मान टाकतं. पाकळीचा रंग त्याआधीच बदलतो. शहरातल्या स्टुडिओत बसून रोज नवी फुलं आणणं हा खर्चिक आणि कटकटीचा उद्योग. याउलट रोशमाँला दाराबाहेर बाग होती, काचेखाली परदेशी झाडं होती, नावानिशी माहिती सांगणारा यजमान होता, आणि राहण्या-जेवण्याचा प्रश्न नव्हता.

अठराव्या शतकातला डच चित्रकार यान वान हौसुम याच्याशी तुलना केली की फरक ध्यानात येतो. त्याच्या गुच्छात वेगवेगळ्या ऋतूंतली फुलं एकाच फुलदाणीत नांदतात. 1742 मध्ये एका ग्राहकाला त्यानं कळवलं होतं की आदल्या वर्षी पिवळा गुलाब मिळाला नाही, म्हणून चित्र अडलं आहे. एका फुलासाठी वर्षभर थांबायची त्याची तयारी होती. कूर्बेच्या अंगात हा संयम नव्हता, आणि त्याची रंगवायची रीतही वेगळी होती.

ती रीत अशी. बहुतेक चित्रकार फिकट अस्तरावर रंगवत. कूर्बे कॅनव्हासला आधी गडद तपकिरी, कधी जवळजवळ काळं अस्तर द्यायचा आणि त्या अंधारातून उजेडाकडे यायचा. सूर्य नसेल तर निसर्गही काळाच असतो, प्रकाश करतो तेच मी करतो, पुढं आलेले भाग तेवढे उजळतो, अशा आशयाचं त्याचं म्हणणं सांगितलं जातं. फुलांसाठी ही रीत अगदी सोयीची ठरली. पानांच्या आडची खोल सावली त्याला रंगवावीच लागत नव्हती, ती अस्तरात आधीच होती. तिच्यावर मध्यम हिरवा, त्यावर पाकळीचा मधला रंग, आणि शेवटी ओल्या रंगावरच दाट, जवळजवळ न मिसळलेला उजेडाचा फटकारा. असा गुलाब थोड्या वेळात उभा राहतो, फूल कोमेजायच्या आत. (याच रीतीची एक किंमतही आहे. तेलरंग वर्षानुवर्षं पारदर्शक होत जातो आणि खालचं काळं अस्तर वर येतं. त्याची बरीच चित्रं आज मूळपेक्षा काळवंडलेली आहेत. फुलांच्या चित्रांत रंग दाट असल्यानं ती त्यातल्या त्यात तग धरून आहेत असं मला वाटतं.)

चित्र जवळून

‘जाळीचा मांडव’ आज अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, टोलिडो कला संग्रहालयात आहे. काच उद्योगातले एडवर्ड ड्रमंड लिबी यांनी ठेवलेल्या निधीतून ते 1950 मध्ये घेतलं गेलं. तैलरंग, कॅनव्हास, सुमारे 110 सेंटीमीटर उंच आणि 135 सेंटीमीटर रुंद. म्हणजे आडवं. ही पहिली गोष्ट खटकायला हवी, कारण माणसाचं चित्र उभ्या कॅनव्हासवर बसतं. इथं तरुणी उभी आहे आणि कॅनव्हास आडवा पडला आहे.

ती एका कडेला आहे. हलक्या कापडाचा उन्हाळी पोशाख, दोन्ही हात वर, बोटं फुलांत. ती फुलं नीट लावते आहे की जाळीवर चढवते आहे हे नेमकं सांगता येत नाही. चेहरा आपल्याकडे वळलेला नाही, तिचं सगळं लक्ष हातातल्या कामात. आणि तिच्या शेजारी, चित्राचा बहुतेक भाग व्यापून, फुलंच फुलं. पांढरी, गुलाबी, लाल, जांभळी. मोठी उमललेली, अर्धवट मिटलेली, पानांत दडलेली. जिच्या नावानं चित्र ओळखलं जातं ती लाकडी जाळी या गर्दीत जवळजवळ हरवली आहे.

मधोमध काय आहे ते पाहा. अकादमीच्या हिशेबानं तिथं तरुणी हवी होती आणि फुलं तिच्या सजावटीला. इथं मध्य फुलांकडे गेला आहे आणि माणूस कडेला सरकला आहे. बरं, ती गौण आहे असंही नाही. तिचे हात नसते तर फुलांचा ढीग नुसता ढीगच राहिला असता. तिच्या बाहूंच्या रेषेवरून नजर फुलांत शिरते आणि तिथंच अडकते. एदगार देगा या फ्रेंच चित्रकारानं पुढं असंच एक चित्र केलं, फुलांच्या प्रचंड गुच्छाशेजारी कोपऱ्यात बसलेली स्त्री. त्यावर 1865 साल आहे आणि ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. दोन्ही शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. देगाची स्त्री विचारात गढलेली, फुलांशी तिचं देणंघेणं नाही. कूर्बेची तरुणी काम करते आहे. मला हा फरक छोटा वाटत नाही. कूर्बेच्या चित्रांतली माणसं बहुधा हातानं काहीतरी करत असतात. दगड फोडतात, धान्य चाळतात, आणि इथं फुलं लावतात.

आता रंगाचा पोत. संग्रहालयाच्या संकेतस्थळावरची प्रतिमा मोठी करून पाहिली तर जाणवतं की पाकळी आणि गाल यांना रंगाचं वजन जवळपास सारखंच मिळालं आहे. फुलं म्हणून त्यानं हात हलका केलेला नाही. दवबिंदू नाहीत, पाकळीवर बसलेला किडा नाही, डच चित्रांतली ती झगमगीत सफाई नाही. फूल हे वजन असलेलं, ओलसर, मांसल काहीतरी आहे, ते खाली झुकतं, एकमेकांवर रेलतं. ल्योंच्या परंपरेतलं फूल असं रेलत नाही, ते कापडावर छापायला तयार असतं.

याच मुद्द्यावर मी त्याला वास्तववादी म्हणेन. वास्तववाद म्हणजे गरिबांचे विषय, अशी एक सोपी समजूत आपल्याकडेही रुजली आहे. साहित्यातून ती आली आणि चित्रांना जशीच्या तशी चिकटली. कूर्बेच्या पत्रात असं कुठंच म्हटलेलं नाही. तिथं अट एकच, गोष्ट मूर्त हवी आणि डोळ्यांसमोर हवी. गुलाबाला ती अट दगडफोड्याइतकीच लागू पडते. आणि ‘दफनविधी’त त्यानं गावकऱ्यांना जो मान दिला तोच इथं फुलांना दिला, मोठा कॅनव्हास, मधली जागा, पूर्ण वजन.

पण पैशाचं काय?

हा आक्षेप बाजूला सारून चालणार नाही. खुद्द कूर्बेनं एका मित्राला लिहिताना फुलांच्या जोरावर आपण पैसा पाडतो आहोत अशा अर्थाचं कळवलं होतं. फुलांची चित्रं खपतात हे त्याला ठाऊक होतं. छोट्या शहरातल्या सुखवस्तू घरांत ‘दफनविधी’ टांगायला जागा नव्हती, गुच्छाला होती. जानेवारी 1863 मध्ये सेंतच्या नगरगृहात मोठं प्रदर्शन भरलं. त्यात कूर्बेबरोबर कोरो होता, ओगें आणि प्रादेल हे त्या भागात काम करणारे चित्रकार होते. शारांत नदीकाठी पोर-बेर्तो इथं हे चौघं एकत्र चित्रं काढायचे. कोरोसारखा शांत वृत्तीचा ज्येष्ठ चित्रकार आणि कूर्बे शेजारी शेजारी बसून रंगवताहेत हे दृश्यच मला विलक्षण वाटतं. अशा प्रदर्शनात फुलं असणं ग्राहकाच्या दृष्टीनं सोयीचं होतं, यात शंका नाही.

म्हणून ही सगळी चित्रं एका मापानं मोजू नयेत. त्यात सरसकट गिऱ्हाइकी गुच्छही आहेत. लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयातलं 1862 चं फुलदाणीचं चित्र आणि ग्लासगोच्या केल्व्हिनग्रोव्हमधली 1863 ची फुलांची टोपली ही दोन्ही अव्वल स्थिरचित्रं आहेत, दिवाणखान्यात सहज शोभतील अशी. ‘जाळीचा मांडव’ मात्र निव्वळ विक्रीसाठी कोणी असा रचला नसता. आकार गैरसोयीचा, माणूस कडेला, प्रकार कोणता ते ठरवता येऊ नये असा. व्यक्तिचित्र घ्यायला आलेल्याला चेहरा पुरता मिळत नाही, आणि फुलं घ्यायला आलेल्याला मध्येच हात आडवे येतात. पैशाचा हेतू होता हे मान्य करूनही चित्रकार त्याच्या पलीकडे गेला, हे चित्राच्या रचनेतच दिसतं.

दुसरा पुरावा याहून बोलका आहे. त्याच वास्तव्यात त्यानं एक भलंमोठं चित्र केलं, ‘परिषदेहून परत’. धर्मसभेहून दारू पिऊन झोकांड्या खात परतणारे पाद्री, त्यातला एक गाढवावर लादलेला. 1863 च्या सलाँनं ते नाकारलंच, पण त्या वर्षी नाकारलेल्यांसाठी भरवलेल्या वेगळ्या प्रदर्शनातही त्याला जागा मिळाली नाही. धार्मिक भावना दुखावतात असं कारण दिलं गेलं. पुढं ते विकत घेऊन नष्ट करण्यात आलं. आज त्याची कल्पना छायाचित्रावरून आणि छोट्या आवृत्तीवरूनच करता येते. विचारवंत प्रूदोंनं कलेवर जे लिखाण हाती घेतलं त्याची सुरुवात याच चित्राच्या समर्थनातून झाली. फुलं रंगवून कूर्बे निवळला, मऊ झाला, असं म्हणणाऱ्यांनी हे दोन कॅनव्हास एकाच काळात, एकाच परिसरात, एकाच हातून उतरले हे ध्यानात घ्यावं.

शेजारचं उदाहरण

1861 मध्ये कूर्बेच्या त्या बैलवाल्या स्टुडिओत थोडे दिवस आंरी फांतें-लातूर नावाचा तरुणही आला होता. एकोणिसाव्या शतकातली फुलं म्हटली की आज याचंच नाव पुढं येतं. त्याच्या नावाचा एक गुलाबही आहे. साधारण याच काळात तोही फुलांकडे वळला, आणि त्याचा बाजार इंग्लंडमध्ये जमला. एडविन एडवर्ड्स हा वकिली सोडून एचिंगकडे (आम्लानं कोरलेल्या धातूच्या पत्र्यावरून चित्रं छापण्याकडे) वळलेला गृहस्थ आणि त्याची पत्नी रूथ या दोघांनी त्याची पुष्पचित्रं तिकडं विकली. 1879 मध्ये एडविन गेल्यावरही रूथबाईंनी ते काम सोडलं नाही. फ्रान्समध्ये लोक त्याला सामूहिक व्यक्तिचित्रांसाठी ओळखत, फुलांसाठी इंग्लंडमध्ये.

फांतेंची फुलं मला मनापासून आवडतात. करड्या-तपकिरी निवांत पार्श्वभूमीवर तो चार-सहा गुलाब ठेवतो आणि प्रत्येकाकडे एखाद्याच्या चेहऱ्याकडे पाहावं तसं पाहतो. कूर्बेच्या फुलांना हा एकांत नाही. ती झुंडीनं येतात, एकमेकांना ढकलतात, काही नुसते रंगाचे ठिपके होऊन राहतात. वनस्पतीशास्त्राच्या काटेकोरपणात फांतें सरस. पण बाग म्हणजे काय, उन्हाळ्यात ती अंगावर कशी येते, हे पाहायचं तर कूर्बेकडे जावं लागतं. दोघंही समोर दिसतं तेच रंगवत होते, तरी एकाच्या समोर तोडून आणलेलं फूल होतं आणि दुसऱ्याच्या समोर सगळी बाग.

पुढं काय झालं

बोद्रीशी मैत्री टिकली. 1868 मध्ये बोद्रीचं एक पुस्तक निघालं तेव्हा त्यातली रेखाटनं कूर्बेनं केली. फुलांचा विषय मात्र कूर्बेनं सेंतोंजनंतर पुन्हा इतक्या जोमानं हाती घेतला नाही. नंतरच्या वर्षांत समुद्र, हिमातली हरणं आणि नग्न स्त्रिया हे त्याचे विषय झाले.

1871 मध्ये पॅरिस कम्यूनमध्ये, म्हणजे बंडखोरांनी शहरात उभारलेल्या अल्पजीवी क्रांतिकारी सरकारात, त्यानं भाग घेतला. वांदोम चौकातला नेपोलियनचा स्तंभ पाडल्याचा ठपका त्याच्यावर आला आणि सहा महिने कैद व पाचशे फ्रँक दंड अशी शिक्षा झाली. सेंत-पेलाजीच्या तुरुंगात त्याला रंग मिळाले, पण मॉडेल बसवायची मुभा नव्हती. त्याच्या बहिणीनं आणून दिलेली फळं-फुलं एवढंच त्याच्यापाशी होतं, आणि त्यानं ती रंगवली. त्या दिवसांतली सफरचंदं आणि डाळिंब लंडनच्या नॅशनल गॅलरीत पाहायला मिळतात. अस्तर तेच काळं, रंग तेवढाच दाट.

1872 च्या सलाँसाठी त्यानं दोन चित्रं पाठवली, त्यातलं एक फळांचं स्थिरचित्र होतं. अकादमीच्या उतरंडीतला सगळ्यात खालचा, सगळ्यात निरुपद्रवी मानलेला विषय. परीक्षक मंडळात मेसोनिए हा प्रतिष्ठित चित्रकार होता आणि कूर्बेला आता प्रदर्शनात स्थान नाही असा त्याचा आग्रह होता. मंडळानं त्याचं ऐकलं, आणि नग्न स्त्रीच्या चित्राबरोबर ती फळंही परत पाठवली.